इंग्रजीचा पाठ : हा, ही, हें आणि तो, ती, तें

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण कामापुरतें इंग्रजी शिकूं लागले आहेत. त्यांस पहिल्या पानापासून अडविणाऱ्या चार लहान शब्दांचा विचार आज आपण करूं.

बोटानें वस्तु दाखवावी त्याप्रमाणें ती दाखविणाऱ्या शब्दांस दर्शक म्हणतात. मराठींत हा, ही, हें, तो, ती, तें आणि त्यांचीं अनेकवचनें मिळून बारा रूपें होतात. इंग्रजींत हें सर्व काम चारच शब्द करितात : दिस, दॅट, दीज, दोज. जो मनुष्य बाळपणींच बारा रूपें बिनचूक बोलूं लागला त्यानें ह्या चारांस कां भ्यावें?

बोलण्यापूर्वीं मनास दोनच प्रश्न विचारावे. वस्तु जवळ आहे कीं दूर? एक आहे कीं अनेक? जवळची एक असल्यास दिस, दूरची एक असल्यास दॅट. जवळच्या अनेक असल्यास दीज, दूरच्या अनेक असल्यास दोज. ‘हें पुस्तक’ म्हणजे दिस बुक, ‘हीं पुस्तकें’ म्हणजे दीज बुक्स. ‘तें झाड’ म्हणजे दॅट ट्री, ‘तीं झाडें’ म्हणजे दोज ट्रीज. दिस आखूड उच्चारावा. दीज लांबवावा, व त्यांतील ज ‘जवळ’ ह्या शब्दांतल्यासारखा म्हणावा.

लिंगाचा प्रश्न येथें मुळींच विचारूं नये. सुमारें 1000 वर्षांपूर्वीं इंग्रजी दर्शकांसहि तीन लिंगांचीं निरनिराळीं रूपें होतीं. पुढें तो भेद गळाला, आणि दिस व दॅट हीं मूळचीं नपुंसकलिंगी रूपें तेवढीं सर्वांसाठीं उरलीं. म्हणून बैल असो, गाय असो कीं वासरूं असो, दिस तें दिसच.

वचनाच्या बाबतींत मात्र सावध असावें. आपण ‘हे तांदूळ’, ‘हे पैसे’, ‘हे केस’ असें अनेकवचनीं बोलतों. इंग्रजींत दिस राइस, दिस मनी, दिस हेअर असें एकवचन येतें. उलट आपली कात्री एक व चष्माहि एक. परंतु दोन पातीं व दोन कांचा ध्यानांत घेऊन इंग्रज दीज सिझर्स, दीज स्पेक्टॅकल्स असें म्हणतो.

आणखी एक गोष्ट. मराठींतील ‘तो’ दोन कामें करितो. ‘तो बैल’ येथें दॅट चालेल. परंतु ‘तो आला’ येथें मनुष्याविषयीं बोलतांना ही हा इंग्रजी शब्द घ्यावा, दॅट नव्हे.

आतां सर्वांत नाजूक स्थळ. आम्ही स्वतः इंग्रजी शिकत असतां एका पाहुण्यास आमच्या वडिलांची ओळख करून देण्याचा प्रसंग आला. मराठींत ‘हे माझे वडील’ असें म्हणावयाचें. म्हणून आम्ही दीज आर माय फादर असें म्हणालों. चूक सांगितली गेली तरी दिस म्हणण्यास जीभ वळेना; जन्मदात्यास ‘हा’ म्हटल्यासारखें वाटे. पुढें समजलें कीं, इंग्रजी भाषा आदर वचनानें दाखवीत नाहीं. राजाहि दिस आणि शेजाऱ्याचा मुलगाहि दिस. आदर स्वरांत, शब्दांच्या निवडींत व वागणुकींत दिसतो. तेव्हां दिस इज माय फादर असें निःशंक म्हणावें. वडिलांचा मान तिळभरहि उणा होत नाहीं.

अभ्यास : घराच्या उंबऱ्यांत उभें राहून आंतील वस्तूंस दिस व दीज, अंगणापलीकडील वस्तूंस दॅट व दोज लावून रोज दहा वाक्यें मोठ्यानें म्हणावीं. त्यानंतर पुढील चार शब्दसमूहांचें इंग्रजी करावें : हा बैल; त्या गाई; हे पैसे; हे माझे गुरुजी. पहिल्यास, तिसऱ्यास व चौथ्यास दिस आणि दुसऱ्यास दोज आलें, तर पाठ समजला असें जाणावें.