मराठवाड्याच्या उन्हात जुन्या नावेची दुरुस्ती

लाकडी नाव कशी दुरुस्त करावी हे सांगणारे बहुतेक कोकणातले. त्यांचं सांगणं नांदेड-लातूरकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, गोदावरीच्या पाण्यात तो नाही. पण खारं पाणी लाकडाला कुजण्यापासून बरंचसं वाचवतं, गोडं पाणी तसं वाचवत नाही. त्यात आपलं ऊन. विष्णुपुरीचं किंवा मांजरा धरणाचं पाणी मागे हटलं आणि नाव काठावर उघडी पडून राहिली, की एका उन्हाळ्यात फळ्या आकसतात, सांध्यांतून आरपार उजेड दिसू लागतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी लाकडी नावेचं जेवढं नुकसान होतं, तेवढं पुरातही होत नाही.

म्हणून आधी वेळ साधावी. संक्रांत झाली की नाव बाहेर काढावी आणि गुढीपाडव्याच्या आत परत पाण्यात सोडावी. मे महिन्यात काम काढूच नये; तेव्हा लाकूड इतकं वाळलेलं असतं की घेतलेलं प्रत्येक माप पुढे खोटं ठरतं. नाव लिंबाच्या सावलीत किंवा मांडवाखाली ठेवावी. फक्त दोन टोकांना टेकू दिले तर मधला भाग खाली बसतो आणि नावेचा आकार कायमचा बिघडतो, म्हणून तळाखाली सारख्या उंचीचे ओंडके जवळजवळ लावावेत. काम चालू नसेल तेव्हा वर ओली पोती टाकावीत.

मग तपासणी. जुना रंग खरवडण्याआधी तो ओला करावा आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. जुन्या रंगात शेंदूर असू शकतो, म्हणजे शिसं. त्याची कोरडी धूळ पोटात जाऊ नये. खरवड गोळा करून बाजूला ठेवावी, नदीत टाकू नये. आता टोचा आणि लाकडी मोगरी घ्यावी. मोगरीनं ठोकत जावं. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. संशय येईल तिथे टोचा खुपसून पाहावा. बाहेरच्या बाजूपेक्षा आत जास्त वेळ द्यावा. बसायच्या फळीखाली, कोपऱ्यांत, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं, तिथे कूज आधी धरते. शिडाची नाव असेल तर डोलकाठीचा बुंधा ज्या खोबणीत बसतो ती खोबण नक्की पाहावी.

इथेच निर्णय घ्यावा. तळाचा मुख्य वासा कुजला असेल, किंवा आतल्या बाकदार बरगड्यांपैकी निम्म्याहून जास्त गेल्या असतील, तर माझ्या मते त्या नावेवर पैसा घालू नये. तिची मापं उतरवून घ्यावीत आणि नवी नाव बांधावी. फळ्या कितीही बदलता येतात, सांगाडा नाही.

दुरुस्ती करायचं ठरलं तर सामानासाठी लांब जावं लागत नाही. फळ्यांना सागवान, आणि सागाचं जंगल किनवटला आहे. माल मात्र वन विभागाच्या लिलावातला किंवा वखारीतला, पावती आणि वाहतूक परवान्यासह घ्यावा. बरगड्यांना बाभूळ. सरळ लाकूड कापून बाक देऊ नये, त्यात आडवा रेषा येतो आणि बरगडी तिथेच मोडते. बांधावरच्या बाभळीची मुळातच वाकलेली फांदी शोधावी, म्हणजे लाकडाचा रेषा बाकाबरोबर वळतो. बैलगाड्या केलेल्या जुन्या सुताराला हे समजावून सांगावं लागत नाही. असा सुतार आणि नाव चालवलेला भोई, दोघांना एकत्र बसवावं. बाभळीत साध्या लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं आणि खिळाही गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा तांब्याचे खिळे वापरावेत, तेही आधी बारीक भोक पाडून.

सांधे भरण्यात सगळ्यात जास्त संयम लागतो. सरकी काढलेला स्वच्छ कापूस घ्यावा, त्याचा सैल पिळा करावा आणि बोथट पटाशीनं सांध्यात बसवावा. फट कोरडी आणि रुंद दिसते म्हणून कापूस ठासून भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात. फुगायला जागा उरली नाही तर खिळे उपटले जातात, प्रसंगी बरगडी तडकते. फट फारच रुंद असेल तर आधी काही दिवस ओली पोती घालून ती किती मिटते ते पाहावं, मगच भरावी. कापसावर जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून केलेली लांबी भरावी, ती पृष्ठभागाच्या किंचित आतच ठेवावी.

शेवटी तेल. जवस हे लातूरच्या रानातलं पीक, तिथल्या तेलबिया संशोधन केंद्रातही त्यावर काम होतं. पण घाण्याचं कच्चं तेल लावू नये, ते वाळायला फार दिवस लागतात. रंगाच्या दुकानातून ‘डबल बॉइल्ड’ मागावं, पातळ हात द्यावा, पूर्ण वाळल्यावरच दुसरा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा एकेक पसरून वाळवाव्यात.

नाव उतरवताना तिला उथळ पाण्यात दोरांनी बांधावं आणि गळू द्यावं. पहिल्या दिवशी बरंच पाणी आत येईल, घाबरून सांधे पुन्हा ठोकू नयेत. पाणी उपसत राहावं. दोन-चार दिवसांत फळ्या फुगून गळती कमी होत जाते. तरीही जिथून धार येत राहील तेवढ्याच जागी खूण करून नाव पुन्हा बाहेर घ्यावी. गळती पूर्ण आवरेपर्यंत माणसं बसवू नयेत, आणि पहिल्या फेरीला पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालावं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं तर नाव काठावर उघडी सोडू नये. सावलीत ओढून तळात ओली पोती पसरावीत आणि रोज संध्याकाळी ती भिजवावीत. पावसाळा लागला की पोती काढून टाकावीत, आणि आत पाणी साचणार नाही अशी नाव एका बाजूला कलती ठेवावी.