जावा बदलली, वेग का पडला?

निकालाच्या दिवशी सर्व्हर अडला की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरची आणि घाटाखालची पोरं सारखीच ताटकळतात. म्हणून जावा ८ वरून ११ वर गेल्यावर डिसिरियलायझेशन, म्हणजे बाइट्सपासून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणं, मंदावलं तर मी असा तपास करतो.

तीच फाइल दोन्ही आवृत्त्यांवर चालवायची. जेआयटी तापेपर्यंतच्या फेऱ्या सोडून वेळ मोजायचा. मग जेस्टॅकने तीन थ्रेड डंप घ्यायचे. तिन्हींत ‘रिझॉल्व्हक्लास’ दिसलं, तर संशय तिथंच. ते क्लास लोडरसाठी कॉल स्टॅक चाचपतं. सोबत फ्रेमवर्कही बदललं असेल, तर स्टॅक खोल होऊन काम वाढू शकतं. तेव्हा ते ओव्हरराइड करून लोडर थेट द्या आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा. नाहीतर दोष कशाचा ते कळणारच नाही.