उडी, दोरी आणि वजनकाटा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउन नावाचे गाव आहे. जगभरातील तरुण प्रवासी पाठीवर पिशवी टाकून, पुष्कळदा अगदी एकटे, येथे येतात. स्वस्त वसतिगृहात एका खोलीत सहा-आठ जण मिळून राहतात, स्वतःचा भात स्वतः शिजवतात आणि अशा तऱ्हेने वाचवलेल्या पैशातून एक धाडस विकत घेतात. गावापासून थोड्या अंतरावर कावाराउ नदीवर १८८० साली बांधलेला एक झुलता पूल आहे. या पुलावर उभे राहायचे, घोट्यांना रबराची जाड दोरी बांधून घ्यायची आणि ४३ मीटर खाली वाहणाऱ्या नदीच्या दिशेने सूर मारायचा! या खेळाला बंजी उडी म्हणतात.

पण पुलावर पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे करतात आणि जो आकडा येईल तो त्याच्या हातावर ठळकपणे लिहितात. बाजारातल्या पोत्यासारखा हा आकडा माणसावर कशासाठी लिहायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपण शाळेत शिकलेल्या ऊर्जेच्या धड्याची एक चांगली उजळणी करणार आहोत.

वेलीपासून रबरापर्यंत

उंचावरून अशी उडी घेण्याची कल्पना न्यूझीलंडची नव्हे. पॅसिफिक महासागरात आज व्हानुआटू या नावाने ओळखला जाणारा द्वीपसमूह आहे. त्यातील पेंटेकोस्ट बेटावरचे पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उड्या घेतात. काही मनोरे २० ते ३० मीटर उंच असतात. प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे वेल निवडण्याचे काम जाणत्या माणसाकडे असते. मनोऱ्याच्या फळ्या धक्क्याबरोबर खाली वाकतील अशा बसवलेल्या असतात आणि खालची जमीन खणून भुसभुशीत केलेली असते. उड्यांचा हंगाम साधारण एप्रिल ते जून असा आहे. त्या दिवसांत वेली रसरशीत आणि लवचीक असतात.

१९७४ साली इंग्लंडच्या राणीच्या भेटीनिमित्त हा कार्यक्रम फेब्रुवारीतच करण्यात आला. वेली पुरेशा लवचीक झाल्या नव्हत्या. एका तरुणाच्या वेली तुटल्या आणि त्यात त्याचा अंत झाला. उंची नेहमीसारखीच होती. बदलला होता तो फक्त वेलीचा गुणधर्म.

पुढे १ एप्रिल १९७९ रोजी ऑक्सफर्डच्या काही साहसी तरुणांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील क्लिफ्टन पुलावरून रबरी दोऱ्या बांधून उड्या घेतल्या. १९८७ मध्ये ए. जे. हॅकेट या न्यूझीलंडच्या तरुणाने पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, सहकाऱ्यासह कावाराउच्या पुलावर हा खेळ सर्वांसाठी खुला केला.

पडणे आणि थांबणे

क्रिकेटचा जोरदार झेल घेताना तुम्ही हात मागे का नेता? हात ताठ ठेवले तर चेंडू फार थोड्या अंतरात थांबतो आणि तळवे झणझणतात. हात मागे नेले की थांबण्याचे अंतर वाढते आणि बल कमी होते. चेंडूची ऊर्जा मात्र दोन्ही वेळी सारखीच असते.

हाच विचार उडीला लावू. समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस ३६ मीटर खाली पडला आणि तेथे त्याच्या पायाला बांधलेली दोरी ताठ झाली. ही दोरी जवळजवळ न ताणली जाणारी आहे. ती जेमतेम अर्धा मीटर वाढते. हिशोबाच्या सोयीसाठी गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. म्हणजे माणसाचे वजन ६०० न्यूटन झाले. एकूण ३६.५ मीटर खाली येताना त्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा ६०० × ३६.५ = २१,९०० जूल. ही सर्व ऊर्जा अर्ध्या मीटरात शोषून घ्यायची, तर दोरीचे सरासरी बल २१,९०० ÷ ०.५ = ४३,८०० न्यूटन येते. म्हणजे माणसाच्या वजनाच्या ७३ पट! दोरी तुटली नाही तरी माणूस वाचणार नाही.

तेव्हा लक्षात ठेवा, पडण्याने माणसाला इजा होत नाही. इजा होते ती एकाएकी थांबण्याने.

रबराचा हिशोब

आता त्या दोरीच्या जागी १२ मीटर लांबीची रबरी दोरी घेऊ. तिचा स्थिरांक ७५ न्यूटन प्रति मीटर आहे असे समजू. म्हणजे ती १ मीटर ताणायला ७५ न्यूटन, २ मीटर ताणायला १५० न्यूटन, याप्रमाणे बल लागते. हा हुकचा नियम. खरे रबर तो तंतोतंत पाळत नाही; पण अंदाजासाठी तो पुरेसा आहे. हवेचा विरोध आणि दोरीचे स्वतःचे वजन आपण सोडून देऊ.

पहिले १२ मीटर दोरी सैल असते आणि माणूस मुक्तपणे पडतो. या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५.५ मीटर होतो. येथे पुष्कळ विद्यार्थी फसतात. त्यांना वाटते, दोरी ताणू लागली की वेग लगेच कमी होऊ लागतो. पण तसे होत नाही. सुरुवातीला दोरीचे बल वजनापेक्षा कमी असल्याने वेग वाढतच राहतो. दोरी ८ मीटर वाढली की तिचे बल ८ × ७५ = ६०० न्यूटन, म्हणजे वजनाइतके होते. त्या क्षणी वेग सर्वांत जास्त, सेकंदाला सुमारे १८ मीटर असतो. मोटारीच्या भाषेत ताशी ६४ किलोमीटर! तेथून पुढे वेग घटू लागतो.

माणूस कोठे थांबेल? जेथे गमावलेली सर्व स्थितिज ऊर्जा दोरीत साठवली जाईल तेथे. दोरीतील वाढ क्ष मीटर धरली तर,

वजन × (१२ + क्ष) = १/२ × ७५ × क्ष × क्ष

वजन ६०० न्यूटन घालून पाहा. क्ष = २४ येते. ताळा करू : डावीकडे ६०० × ३६ = २१,६०० आणि उजवीकडे ३७.५ × ५७६ = २१,६००. हिशोब जुळला.

म्हणजे पाय ३६ मीटर खाली गेले. पूल ४३ मीटर उंच आहे, तेव्हा पाय पाण्यापासून ७ मीटरवर आहेत. उलटा लोंबकळणारा देह, पसरलेल्या हातांसह, सुमारे २ मीटर धरा. बोटांची टोके आणि पाणी यांत ५ मीटर अंतर उरले. या वेळी दोरीचे बल सर्वांत जास्त, २४ × ७५ = १,८०० न्यूटन आहे. हे वजनाच्या फक्त तिप्पट! मघाच्या दोरीचे ७३ पट आठवा. थांबण्यासाठी २४ मीटर मिळाले, त्याचा हा परिणाम.

तीच दोरी, दुसरा माणूस

आता त्याच दोरीला ८० किलोग्रॅमचा माणूस बांधू. वजन ८०० न्यूटन घालून समीकरण सोडवले तर क्ष सुमारे ३० येतो. पाय ४२ मीटर खाली जायला निघाले! पाण्यापासून अंतर उरले १ मीटर आणि देह तर २ मीटर लांब. म्हणजे हा माणूस थांबण्यापूर्वीच त्याचे हात पाण्याला लागणार. त्या क्षणी त्याचा वेग किती असेल? पाय ४१ मीटर खाली असताना उरलेली गतिज ऊर्जा काढा. वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी २० किलोमीटर येतो. खाली खोल पाणी असेल तर भिजण्यावर निभावेल. खाली खडक असेल तर?

उलट ४० किलोग्रॅमच्या मुलाला ही दोरी बांधली, तर तो सुमारे ३० मीटरवरच थांबेल. तो सुरक्षित उंचीवर राहील. पण त्याला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या ३.३ पट, म्हणजे तुलनेने अधिक असेल. हलक्याला भारी दोरी आणि भारी माणसाला हलकी दोरी, दोन्ही चुकीच्याच.

आता हातावर लिहिलेल्या आकड्याचा अर्थ कळला ना? त्या आकड्यावरून दोरी निवडली जाते आणि ती किती सैल सोडायची ते ठरते. कावाराउला काही जण 'मला पाण्याला हात लावायचा आहे' असे आधी सांगतात आणि त्याप्रमाणे त्यांची दोरी बेतून देतात. वजन सांगताना कोणी लाजेने पाच-दहा किलो कमी सांगेल, म्हणून विचारण्यापेक्षा काट्यावर उभे करणे चांगले. माणूस खोटे बोलेल. समीकरण त्याला क्षमा करणार नाही.

आणखी एक गोष्ट. रबर ऊन्हाने आणि वापराने जुने होते, त्याचा स्थिरांक बदलतो. म्हणून चांगल्या ठिकाणी प्रत्येक दोरीवर किती उड्या झाल्या याची नोंद ठेवतात आणि ठरलेल्या संख्येनंतर धडधाकट दिसणारी दोरीही बाद करतात.

कडा चढणाऱ्याची दोरी

सह्याद्रीतले कडे असोत की आल्प्सचे, चढणाऱ्यांच्या दोऱ्या दोन प्रकारच्या असतात. 'डायनॅमिक' दोरी झटक्याने बरीच ताणली जाते; 'स्टॅटिक' दोरी फार थोडी. दुकानात दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. दोरीवरून खाली उतरायला किंवा ओझे ओढायला स्टॅटिक दोरी सोयीची. पण चढताना पडण्याचा संभव असेल तेथे डायनॅमिकच हवी. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या चाचणीत चढाईच्या एकेरी दोरीला ८० किलोग्रॅमचे वजन बांधून खाली पाडतात. पहिल्या झटक्याचे बल १२,००० न्यूटनपेक्षा जास्त भरले, तर ती दोरी नापास होते. दोरी मजबूत असणे पुरेसे नाही. तिने योग्य वेळी नमतेही घेतले पाहिजे.

करून पाहा

आठ सारखी रबरबँड एकात एक अडकवून साखळी करा. तिच्या टोकाला लहान कापडी पिशवी बांधा. दुसरे टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि शेजारी भिंतीवर मोजपट्टी चिकटवा. पिशवीत ४ गोट्या घालून ती गजाच्या उंचीवरून सोडा. ती किती खाली गेली हे मित्राला पाहायला सांगा. तीन वेळा करून सरासरी काढा. मग ६, ८ आणि १० गोट्या घेऊन आलेख काढा. आता खरी परीक्षा : आलेख पुढे वाढवून १२ गोट्यांसाठी अंदाज लिहून ठेवा आणि मगच पिशवी सोडा.

अंदाज जमू लागला की गोट्यांच्या जागी पिकलेला टोमॅटो घ्या. तो जमिनीच्या वर वीतभर थांबला पाहिजे. किती रबरबँड लागतील ते आधी ठरवा. टोमॅटो फुटला तर आईची बोलणी बसतील. पण अंदाज आणि खातरी यांतला फरक कायमचा लक्षात राहील. तोंड साखळीपासून दूर ठेवा, रबर तुटून डोळ्याला लागू शकते. आणि हा प्रयोग फक्त गोट्यांवर व टोमॅटोवर करायचा; स्वतःला, भावंडाला किंवा घरच्या मांजराला दोरी बांधायची नाही.

एकट्या प्रवाशाची शिदोरी

तुमच्यापैकी काही जण मोठेपणी असेच पिशवी टाकून परदेशी जातील. जरूर जा. पण एकट्याने जाणाऱ्याला 'अरे, जरा थांब, ती गाठ पाहू दे' असे म्हणणारे शेजारी कोणी नसते. पैसे मोजून खर्चताना स्वस्त उडीचा मोहही पडतो. भाषाही परकी असते. २०१५ मध्ये स्पेनमध्ये एका पुलावर उडीसाठी उभी असलेली नेदरलँड्सची एक तरुणी दोरी पुलाला बांधली जाण्यापूर्वीच उडी मारून बसली आणि मरण पावली. शिकवणाऱ्याच्या मोडक्या इंग्रजीतले 'नो जंप' तिने 'नाऊ जंप' असे ऐकले असावे, असे न्यायालयात पुढे आले. एका अक्षराचा तो फरक!

म्हणून काट्यावर उभे केल्याशिवाय कोणी दोरी बांधू लागला, तर परत फिरा. दोरीचे दुसरे टोक कोठे बांधले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एकाने बांधलेली गाठ दुसऱ्याने तपासली का, दोरी किती उड्यांची आहे, हे विचारा. विचारणारा भित्रा ठरत नाही. उत्तर देताना जो चिडतो, त्याच्या दोरीवर भरवसा ठेवू नका. भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

जाता जाता एक प्रश्न. वर दिलेल्या दोरीलाच ५० किलोग्रॅमची मुलगी बांधली, तर तिचे पाय किती खाली जातील? स्वतः सोडवा आणि मग पुढचे उत्तर पाहा.

(उत्तर : सुमारे ३३ मीटर.)