बाभळीचा दांडा

गेल्या उन्हाळ्यांत उचगांवीं एका घरीं लांकडें फोडीत असतां कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटलें व अंगणांत खेळणाऱ्या मुलाच्या अगदीं जवळून गेलें. देवाच्या कृपेनें इजा झाली नाहीं. दांडा बांधावरच्या बाभळीचा, आदल्याच महिन्यांत तोडून बसविलेला होता. कित्येकांनीं बाभळीस दोष दिला. आमच्या मतें दोष घाईचा होता.

बाभूळ मोठी बळकट. तिचें वाळलेलें लांकूड एका घनमीटरास सुमारें 800 किलो भरतें. सागाचें सुमारें 650. तें आघात सोसतें, म्हणून आपल्या वडिलांनीं नांगर, चाकाचे तुंबे व आरे, आणि हत्यारांचे दांडे ह्याचेच केले. पवित्र शास्त्रांतही (निर्गम 25) कोश बाभळीच्याच लांकडाचा करावा अशी आज्ञा आहे. सीनायच्या रानांतील ती बाभूळ आपल्या बाभळीच्याच कुळांतली होय.

मग दांडा सैल कां झाला? ओल्या लांकडांत पुष्कळ पाणी असतें. तें उडून जातां लांकूड आकसतें. लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं, जाडींत मात्र बरेंच. भोंकांत घट्ट बसविलेला दांडा ह्यामुळेंच बारीक होऊन सुटतो.

ह्यास्तव वाचकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, सालीखालचें फिकट लांकूड टाकून आंतील तांबूस गाभा घ्यावा. फिकट भागांत पिष्ट असतें व त्यास कीड लागते. दुसरी, ज्याचे तंतु सरळ आहेत व ज्यांत गांठ नाहीं असाच तुकडा निवडावा. तिसरी, तो ओला असतांच जाडसर तासून ठेवावा, कारण वाळलेली बाभूळ रंध्यास सहज दाद देत नाहीं. मग दोन्ही टोंकांस रंग लावून तो सावलींत, वारा लागेल असा ठेवावा. उन्हांत तो तडकतो. चौथी, कोरड्या दिवसांत दर आठवड्यास तो तोलावा. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे वाळला असें समजावें, आणि मगच बसवावा.

आपल्या घरच्या कुऱ्हाडीचा, कुदळीचा व खोऱ्याचा दांडा आजच हालवून पाहावा. सैल असल्यास, पुष्कळ जण करितात तसा, पाण्यांत भिजवूं नये. भिजून फुगलेला दांडा वाळतांच पूर्वीपेक्षां अधिक सैल होतो. त्यास सुकी पाचर मारावी, अथवा दांडाच बदलावा.