सोफ्यावरचा पहारेकरी

"अजून लोड होतंय का?"

नवऱ्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मी दीड मिनिटापासून एका अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होते. गेममध्ये, अर्थात. पलीकडून गार्ड गुणगुणत येत होता. त्याच्या बुटांचा आवाज फरशीवर खणखणीत यायचा, गालिच्यावर पाय पडला की बारीक व्हायचा, आणि त्यावरून तो किती लांब आहे ते मी मनात मोजत होते. छातीत धडधडत होतं. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र एक काळा पडदा दिसत होता, ज्यावर काहीही घडत नव्हतं.

पाच मिनिटांनी मी चांदीचा पेला उचलून विजयाने वळून पाहिलं, तर तो झोपला होता.

स्टेल्थ गेमचं, म्हणजे लपत-छपत, कुणाला न दिसता काम फत्ते करायच्या गेमचं वेड मला वीस-बावीस वर्षांपासून आहे. त्यातली निम्मी वर्षं मी ते घरच्यांना आणि मैत्रिणींना लावायच्या खटपटीत घालवली. बहुतेक वेळा तोंडावर पडले. हीच खाज ज्यांना आहे त्यांनी माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात नाशिकच्या एका सायबर कॅफेत झाली. दादा अकरावीत, मी नववीत. तेव्हा प्रत्येक कॅफेत पोरं 'प्रोजेक्ट आयजीआय' खेळत असायची. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओने २००० साली काढलेला हा गेम आपल्याकडे इतका चालला की कॉम्प्युटर म्हणजे आयजीआय असं अनेकांना वाटायचं. त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि कॅफेवाल्याचं घड्याळ चालूच. दादा कुंपणापासूनच गोळ्या झाडत सुटायचा, सायरन वाजायचा, बराकीतून माणसं धावत यायची आणि आमचे पैसे संपायचे. शेवटची दहा मिनिटं मला मिळायची. मी कुंपणाच्या कडेकडेने जायचे, आधी कॅमेरे बंद करायचा कॉम्प्युटर शोधायचे. "कधी पोचणार तू?" असं दादा वैतागून म्हणायचा. पोचायचे नाहीच, वेळ संपायची. पण त्या दहा मिनिटांत मला जे सापडलं ते दादाला त्या पन्नास मिनिटांत कधी दिसलं नाही.

ते काय, हे सांगायला आपल्याकडे एक चोख शब्द आहे: धप्पा. लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं त्याच्या मागून दबकत जायचं आणि पाठीत थाप मारून "धप्पा!" ओरडायचं. गंमत त्या थापेत नसते, थापेआधीच्या वीस पावलांत असते. तो आता वळेल का, आपली चप्पल वाजेल का, हसू फुटेल का. स्टेल्थ गेम म्हणजे ती वीस पावलं ताणून दहा तासांची केलेली. आणि लपाछपी कुणी शेजारी बसून बघत नाही. खेळणाऱ्यालाच ती कळते. एवढं साधं मला कळायला फार वर्षं लागली.

नवऱ्यासमोर मी काढला होता तो 'थीफ'. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा, १९९८ चा. ते वर्षच भारी होतं: 'थीफ', 'मेटल गिअर सॉलिड', 'तेन्चू', 'कमांडोज' सगळे त्याच वर्षातले. 'थीफ'मध्ये पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. तुम्ही उजेडात असलात की तो उजळतो, अंधारात गेलात की काळवंडतो. पाण्याचे बाण मारून मशाली विझवायच्या, शेवाळाचे बाण मारून फरशी मऊ करायची. माझ्या मते या प्रकारातलं हे शिखर आहे, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. नवख्या माणसाला थेट शिखरावर नेऊन सोडायचं नसतं. जुनी चित्रं, काळोख, आणि ज्या आवाजावर सगळा डोलारा उभा आहे तो आवाज टीव्हीच्या फुटक्या स्पीकरमधून, त्यात स्वयंपाकघरात मिक्सर चालू. तो बिचारा दोनदा म्हणाला, "जरा ब्राइटनेस वाढव ना." मी म्हटलं, "मग मजा जाईल." कुणाची मजा, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आईबाबांकडे वेगळाच घोळ झाला. मी चांदीचे मेणबत्तीदान पिशवीत टाकत असताना आई मागे येऊन उभी राहिली. "म्हणजे रात्री लोकांच्या घरात शिरून भांडी उचलायची? आणि हे तू आनंदाने करतेस?" मी लगेच मोठं अस्त्र काढलं. बाबांना म्हटलं, आग्र्याहून सुटका आठवा. १६६६ साली महाराजांनी काय केलं? मिठाईचे पेटारे रोज जाऊ दिले, पहारेकऱ्यांना तपासून कंटाळू दिलं, अंथरुणात हिरोजी फर्जंदला झोपवलं. हेच तर स्टेल्थ! मला वाटलं, आता बाबा पुढे सरकून बसतील. त्यांनी चष्मा काढला. "महाराज औरंगजेबाच्या कैदेतून सुटले. तू कुणाच्या तरी घरातून पेले चोरते आहेस. तुलना करताना जरा भान ठेव." त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलणं बेताचंच होतं. तात्पर्य, मोठ्या गोष्टीची झूल आपल्या छंदावर घालायला जाऊ नका. छंद छोटा दिसतो आणि समोरचा दुखावतो.

मैत्रिणींचं थोडक्यात. तिघींना वाढदिवसाला गेम भेट दिले. स्टीमवर दुसऱ्याने किती वेळ खेळलं ते दिसतं. एकीची १८ मिनिटं, दुसरीची शून्य, तिसरीने तिचं अकाउंट मुलाला देऊन टाकलं. विचारू नका, आणि तो आकडाही बघू नका.

दादाच्या बाबतीत मात्र माझी खात्री होती. दिवाळीला तो आला तेव्हा मी 'हिटमॅन २' लावला. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हचा हा २०१८ चा गेम, आणि त्यातलं एक अख्खं मिशन मुंबईत घडतं. झोपडपट्टी, धुण्याचे हौद, रेल्वे यार्ड, सिनेमाच्या निर्मात्याचा अर्धवट बांधलेला टॉवर. तीन माणसं शोधायची, त्यातल्या एकाचा चेहराच कुणाला माहीत नाही. आधी तो कोण हे गर्दीतून हुडकायचं. मला ते मिशन तोंडपाठ आहे. न्हाव्याचा वेष कुठे मिळतो तेसुद्धा.

दादाने पहिली दहा मिनिटं नुसती टीका केली. "एवढी गर्दी आणि सगळे इंग्रजीत बोलतायत? एकही जण 'ओ दादा, सरका जरा' म्हणत नाही?" पण तो हसत होता, इकडेतिकडे फिरत होता, दुकानात डोकावत होता. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, तेव्हा तो खेळत होता. मीच थांबवलं. "अरे तिकडे नाही, डावीकडे जिना आहे." "असं नाही, आधी कपडे बदल." "थांब, थांब, थांब, त्याला जाऊ दे." मग एका गार्डने हटकलं, दादा गोंधळला आणि त्याने भर बाजारात पिस्तूल काढलं. मी किंचाळले, "अरे, असं नाही!" त्याने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "तूच खेळ." आणि चिवडा घ्यायला उठला.

"तूच खेळ" हे दोन शब्द ऐकलेत की समजा, तो माणूस गेला. त्याचा गेमवर राग नसतो. पकडलं जाणं हे या गेममध्ये शंभर वेळा व्हायचंच असतं, पण ते कुणाच्या देखत व्हावं हे मोठ्या माणसाला सोसत नाही. नवऱ्याने ते मला नंतर फार नेमकं सांगितलं: "तू मागे बसलीस की दोन पहारेकरी होतात. एक आतला आणि एक सोफ्यावरचा. आतल्याला तरी चुकवता येतं."

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. पहिली गोष्ट, 'कुणाला मारायचं नाही, कुणाला दिसायचं नाही' हा आपला सोवळेपणा पहिल्या दिवशी मुळीच काढायचा नाही. लपाछपीत लहानग्यांना आपण कच्चं लिंबू करतो ना, तसं नवख्याला करा. सगळ्यात सोपी पातळी लावा आणि ती लावल्याचं बोलून दाखवू नका. आरडाओरडा झाला, पळापळ झाली, होऊ दे. दुसरं, गेम माणूस पाहून निवडा, स्वतःची आवड पाहून नव्हे. आणि घरात लहान मुलं असताना 'हिटमॅन' काढू नका. माझ्या भाच्याने न्हाव्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

नवरा रोज ठाण्याहून लोकलने जातो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठल्या डब्यात चढलं की दादरचा जिना समोर येतो, हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्याला मी 'शॅडो टॅक्टिक्स' दिला. म्युनिकच्या मिमिमी कंपनीचा, २०१६ चा, जुन्या जपानातला. यात सगळं वरून दिसतं. गार्डवर क्लिक केलं की त्याची नजर कुठवर पोचते ते जमिनीवर पंख्यासारखं उमटतं. म्हणजे काळ्या पडद्याकडे बघत अंदाज बांधायला नको. प्रत्येक गार्डची फेरी ठरलेली. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर टाइमटेबल आहे." झालं. गवती टोपीवाला गार्ड दारूच्या बाटलीलाही भुलत नाही, जागा सोडत नाही, हे कळल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "हा आमच्या अकाउंट्सचा माणूस." शिवाय हा गेम शेवटचं सेव्ह करून एक मिनिट उलटलं की पडद्यावर आठवण करून देतो. चुकलं की एक बटण दाबून मागे. चुकीची लाज वाटायला वेळच मिळत नाही. माझं काम एवढंच की मी त्या वेळात कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि मान वर करायची नाही.

(लुकिंग ग्लास २००० साली बंद पडली. मिमिमीने २०२३ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कधी कधी वाटतं, या लोकांनाही घरच्यांना पटवणं जमलं नसावं.)

दादा नाहीच आला. त्याला धावायला, ठोकायला आवडतं, आणि त्यात काही वाईट नाही. आता दिवाळीला आम्ही पत्ते खेळतो.

आईची गोष्ट मात्र मी ठरवून केली नाही. मे महिन्यात आईबाबा आमच्याकडे राहायला आले होते. भाचाही होता. त्याच्यासाठी मी 'अनटायटल्ड गूज गेम' लावून ठेवला होता. मेलबर्नच्या हाउस हाउस या छोट्या चमूने २०१९ साली काढलेला. तुम्ही एक खट्याळ हंस, आणि एका शांत गावात लोकांना छळायचं. कामांची यादी दिलेली असते: माळ्याला भिजवा, त्याच्या किल्ल्या चोरा, त्याचं दाताळं तळ्यात टाका. जमलं की यादीतल्या ओळीवर काट. इथे मरण नाही, हरणं नाही. माळ्याने पाहिलं तर तो वस्तू हिसकावून घेतो आणि हुसकावतो, बस्स. अशी सवलत फार थोडे स्टेल्थ गेम देतात.

भाचा पाणी प्यायला उठला आणि आईने कंट्रोलर हातात घेतला, नुसता बाजूला ठेवायला म्हणून. अंगठा लागला. हंस ओरडला. माळी दचकला. आई खुदकन हसली.

मी दारात उभी होते. किल्ल्यांचा जुडगा माळ्याच्या कमरेला असतो, तो कामात वाकला की मागून जाऊन चोचीत धरायचा. आईने तीनदा प्रयत्न केला, तीनदा त्याने हुसकावलं. चौथ्या वेळी ती झुडपामागे थांबली. मान खाली घालायचं बटण तिने दाबलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या स्वतःचीही मान खाली घातली, खांदे आवळले, श्वास रोखला. पदराचं टोक दातात. माळी वाकला. "आता!" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी तो गिळला आणि स्वयंपाकघरात निघून गेले, उगाच नळ सोडून उभी राहिले. बाहेरून आधी शांतता, मग माळ्याच्या धावण्याचा आवाज, मग आईचं खिदळणं. असं हसताना मी तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं. बाबा पेपरआडून म्हणाले, "काय पोरखेळ चाललाय." तिने ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्ही लावला. रात्री झोपताना आईचं दाताळं काही जमलं नव्हतं. लांबलचक वस्तू ती, ओढत न्यावी लागते, माळी सारखा परत नेतो, म्हणून वैतागून तिने सोडून दिलं होतं. आता त्या ओळीवर काट होती.

"आई, तू रात्री उठून खेळलीस?"

"मी? मी दहाला झोपले."

भाचा अजून अंथरुणात होता. नवरा पहाटेच्या गाडीने गेलेला. बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. टीव्हीच्या आवाजाचा आकडा बघितला, तो शून्यावर होता. कंट्रोलर चार्जिंगला नीट लावलेला होता, जे आमच्या घरात कुणीच करत नाही.

मी काही विचारलं नाही. चहा टाकायला आत गेले.