हिरडा : एक फळ, दोन गुण

बद्धकोष्ठ हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे. तरीही अवेळी जेवण, कमी पाणी आणि बैठे काम यांमुळे विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत अनेकांना तो छळतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ कठीण होणे, दरवेळी कुंथावे लागणे ही त्याची लक्षणे होत. यावर जगातील दोन प्राचीन वैद्यकांनी काय उपाय शोधले आणि त्यांत आपल्या रानाचा वाटा कोणता, ते येथे पाहू.

जोयडा, म्हणजे पूर्वीच्या सुपा तालुक्यातील पानझडी रानांत हिरडा, बेहडा आणि आवळा ही तिन्ही झाडे आढळतात. कन्नडमध्ये त्यांना अनुक्रमे अळले, तारे आणि नेल्ली म्हणतात. गुंदच्या विद्यार्थ्याला त्यांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. या तीन फळांच्या बिया काढून, वाळलेल्या गराचे चूर्ण सामान्यतः समभाग एकत्र केले की त्रिफळा होतो. रात्री कोमट पाण्याबरोबर तो घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे.

आता चीनकडे वळू. इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग या वैद्याने 'मात्सरेन वान' नावाची गोळी सांगितली. तीत सहा द्रव्ये आहेत : भांगेचे बी, जर्दाळूच्या बियांचा गर, रेवंदचिनी, पिओनीचे मूळ, कडू संत्र्याचे कोवळे फळ आणि मॅग्नोलियाची साल. ही सर्व मधात वळतात. भांगेच्या बियांना नशा नसते. त्यांतील तेल जर्दाळूच्या गरातील तेलाप्रमाणे मळ मऊ करते. रेवंदचिनी आपल्या सोनामुखीप्रमाणे मोठ्या आतड्याला चालना देते. संत्रे व साल पोटफुगी कमी करतात आणि पिओनी मुरडा शमवते, असे चिनी वैद्य मानतात. म्हणजे एक द्रव्य ढकलते, दुसरे वाट गुळगुळीत करते, तिसरे त्रास आवरते. हाँगकाँगमध्ये २९१ रुग्णांवर या औषधाची सोनामुखी आणि निर्गुण औषध यांच्याशी तुलना झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचाराच्या काळात गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६८, ५७.७ आणि ३३ टक्के होते. निर्गुण औषधानेही तिसऱ्या हिश्शाला बरे वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. केवळ 'मला गुण आला' एवढ्यावर औषधाची पारख का होत नाही, ते यावरून कळते.

खरी गंमत पुढेच आहे. याच चांग चुंगचिंगच्या नावावरील दुसऱ्या ग्रंथात हिरडाही येतो. पण तो कोठा साफ करण्यासाठी नव्हे, तर जुलाब थांबवण्यासाठी! तेथे हिरडे भाजून, त्यांचे चूर्ण पेजेबरोबर द्यावयास सांगितले आहे. मग आपले वैद्य चुकले की चिनी? कोणीच नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात हा भेद स्पष्ट केला आहे : चावून खाल्लेला हिरडा भूक वाढवतो, वाटलेला मळ बाहेर काढतो, तर शिजवलेला मळ बांधतो. फळाच्या वयानेही फरक पडतो. आठळी धरण्यापूर्वी गळालेला तो बाळहिरडा, पूर्ण वाढलेला तो सुरवारी हिरडा. हिरड्यात तुरट टॅनिन भरपूर असते, म्हणून तो कातडी कमावण्याच्याही कामी येतो.

तात्पर्य, औषध केवळ झाडात नसते. फळ कधी वेचले, कसे सिद्ध केले आणि किती दिले, यांत ते असते. झाड उभे असूनही हे ज्ञान विसरले गेले, तर रान असून नसल्यासारखे होईल. घरातील वडीलधाऱ्यांकडून ते विचारून लिहून ठेवणे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमण्याजोगे काम आहे. मात्र फळांसाठी फांद्या तोडू नयेत आणि व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याचे नियम पाळावेत.

शेवटी एक सावधगिरी. पाणी, पालेभाज्या, चालणे आणि ठरलेली वेळ हा पहिला उपाय. चूर्ण व गोळ्या नंतर. गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्याविना रेचक घेऊ नये. मळातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा उतारवयात कोठ्याची सवय एकाएकी बदलणे ही लक्षणे दिसल्यास त्रिफळ्यावर भिस्त न ठेवता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.