राहुलाचे वय आणि शाळेतील श्वासाचा तास

मज्झिम निकायातील महाराहुलोवाद सुत्त आपल्या अभ्यासवर्गांतून वाचले जाते, परंतु राहुलाचे त्या वेळचे वय फारसे कोणी विचारात घेत नाही. अट्ठकथेनुसार तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. म्हणजे आजच्या हिशेबाने बारावीचा विद्यार्थी! तथागतांच्या मागोमाग श्रावस्तीत भिक्षाटनाला निघालेला हा तरुण श्रामणेर मनात स्वतःच्या देखणेपणाचा विचार करीत होता, असेही अट्ठकथा सांगते. ज्यांच्या घरात या वयाची मुले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

तथागतांनी वळून त्याला सांगितले की, कोणतेही रूप ‘माझे’ किंवा ‘मी’ म्हणून पाहू नये. राहुल भिक्षेला न जाता माघारी फिरला व एका झाडाखाली बसला. तेथे सारिपुत्तांनी त्याला आनापानसतीचा अभ्यास करावयास सांगितले. संध्याकाळी तो ‘कसा करावा’ हे विचारावयास तथागतांकडे गेला. उत्तरात श्वासाचा विषय अगदी शेवटी येतो. आधी पृथ्वीसारखे व्हावयास सांगितले आहे. पृथ्वीवर कोणी शुद्ध टाको वा अशुद्ध टाको, ती वैतागत नाही. मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, आणि नंतर श्वास. हा क्रम शाळेत शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. वर्गात चिडवणे, टोपणनावे, आडनावावरून जात हुडकणे चालू असताना केवळ ‘डोळे मिटा’ म्हटल्याने काय साधणार?

आता योगाविषयी. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली ठराव केला आणि २१ जून २०१५ पासून योगदिन सुरू झाला, तेव्हापासून अनेक पालक विचारतात, ‘आपल्या मुलांनी हे करावे काय?’ माझ्या मते आसने हा शरीराचा व्यायाम आहे. पाठ ताठ होते, सांधे मोकळे होतात. त्याला नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यासोबत मंत्र किंवा प्रार्थना सक्तीची होत असेल तर पालकांनी नम्रपणे पण स्पष्ट बोलावे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. सर्व धर्मांची मुले बसलेल्या वर्गात त्रिसरणही लादू नये. श्वास मात्र कोणत्याही धर्माचा नसतो.

प्राणायाम व आनापान यांतील भेद मुलांना अवश्य सांगावा. प्राणायामात श्वास लांबवितात, रोखतात. आनापानात तो जसा आहे तसा जाणतात. बोधिसत्त्वाने उग्र तपश्चर्येच्या काळात श्वास रोखून पाहिला होता. डोक्यात असह्य वेदना झाल्या, देह थकला, पण ज्ञान लाभले नाही, हे महासच्चक सुत्तात आले आहे. पुढे त्यांना बालपणी जांभळीच्या छायेत लाभलेल्या शांत ध्यानाची आठवण झाली व मार्ग सापडला. म्हणून दीर्घ कुंभक, जोरजोराची कपालभाती व शीर्षासन शाळेत घेऊच नयेत. या वयात हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, आणि चढाओढीत मुले शरीराला हिसके देतात.

प्रत्यक्ष तास कसा घ्यावा? पस्तीस मिनिटांची तासिका पुरेशी आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच घेऊ नये. प्रथम ताडासन, कटिचक्रासन यांसारखी सोपी आसने. त्यानंतर एक प्रयोग करावा, तो मुलांना फार आवडतो. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहावयाची. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सावकाश सोडताना मंदावते. तरुण वयात हा फरक चांगला जाणवतो. ‘एहिपस्सिको’ म्हणजे ‘ये आणि पाहा’. शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची येथे गरज राहत नाही. दहावीचा पेपर हातात पडल्यावर छाती धडधडते, तेव्हा श्वास सावकाश सोडावा, एवढे त्या मुलाला स्वतःच्या नाडीवरून पटलेले असते.

शेवटी दहा मिनिटे आनापान. नाकपुड्यांच्या तोंडाशी येणारा-जाणारा श्वास जाणावा. मन पळाले की रागावू नये, पुन्हा आणावे. अगदीच टिकत नसेल तर मोजावे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात पाचाच्या आत थांबू नये व दहाच्या पुढे जाऊ नये असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील शाळांत राबविलेल्या ‘मित्र उपक्रमा’तही दहा मिनिटांचाच सराव ठेवला होता. आठवड्यातून एकदा तासभर बसविण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी. चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसांत राहणाऱ्या मुलाला एवढा निवांतपणा घरी कोठून मिळणार!

काही मुलांना डोळे मिटताच भीती वाटते. घरातले दारूचे भांडण, एखादा मृत्यू, कोणी केलेला अत्याचार वर येतो. अशा मुलाला सर्वांदेखत कारण विचारू नये. त्याने डोळे उघडे ठेवावेत, जमिनीकडे पाहावे, किंवा व्हरांड्यात सावकाश चंक्रमण करावे आणि पावलांकडे लक्ष द्यावे. तास संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावे व तो बोलला तर ऐकावे. आठवडाभरानंतरही तसेच होत असेल तर पालकांशी व समुपदेशकाशी बोलावे. पण त्रास घरातूनच होत असल्याची शंका आली, तर आधी मुख्याध्यापकांना सांगावे.